कंपनीचा अँप ठेवून गाडीत नवा स्टीरिओ बसवताना

गाडीत कंपनीने दिलेला अँप्लिफायर (थोडक्यात अँप) असेल तर नवा स्टीरिओ बसवणं हे नुसतं डॅशबोर्डचं काम राहत नाही. स्टीरिओ पुढे दिसतो, पण स्पीकर हलवणारी ताकद सीटखाली, डिकीच्या कोपऱ्यात किंवा ग्लव्ह बॉक्सच्या मागे बसवलेल्या एका डब्यात असते. त्या डब्याला काय हवंय हे न पाहता वायरी जोडल्या की तीनपैकी एक गोष्ट ठरलेली: आवाज अजिबात येत नाही, गाण्यामागे सतत ‘सूंऽऽ’ चालू राहतं, किंवा व्हॉल्यूम जरा वर नेला की आवाज फाटतो. मग दुकानात सांगतात, ‘कंपनीचा अँप बेकार आहे, काढून टाका.’ बहुतेक वेळा अँप ठणठणीत असतो, त्याला सिग्नल चुकीचा दिलेला असतो.

कोकणात याच्या जोडीला आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे खारं वारं आणि चार महिन्यांचा दमटपणा. देशावर वर्षानुवर्षं टिकणारा टेपचा जोड मालवण-देवगडात दुसऱ्या पावसाळ्यातच दगा देतो. गणपतीच्या तोंडावर चाकरमान्यांच्या गाड्या स्टीरिओवाल्याच्या दारात उभ्या राहतात, तेव्हा कुणालाच नीट काम करायला वेळ नसतो. हे काम आगोटीच्या इतर कामांबरोबर, पाऊस लागायच्या आत उरकलेलं बरं.

आधी हे ठरवा: काढायचा की नाही

क्रेटा-सेल्टोसच्या वरच्या मॉडेलात बोस, एक्सयूव्ही७००मध्ये सोनी, हॅरियरमध्ये जेबीएल अशी सिस्टीम कंपनीकडून येते. अशा नव्या गाड्यांत पडदा हा फक्त स्टीरिओ नसतो. कॅमेरा, गाडीच्या सेटिंग्ज, कधी एसीसुद्धा त्याच्यातून चालतो. माझं स्पष्ट मत: या गाड्यांचा पडदा काढू नका. वायरलेस कारप्लेची किंवा अँड्रॉइड ऑटोची छोटी डबी लावून बहुतेकांची गरज भागते आणि वॉरंटीही शाबूत राहते.

खाली जे लिहिलंय ते जुन्या गाड्यांसाठी आहे. म्हणजे डॅशबोर्डमध्ये डबल डिन मापाचा स्टीरिओ, त्याला सीडी आणि ऑक्स, ब्लूटूथ असलं तर फक्त फोनपुरतं, आणि आवाज मात्र आजच्या अनेक नव्या गाड्यांपेक्षा सरस. अशा गाडीचे स्पीकर आणि अँप फेकून देणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

मापाचं थोडक्यात: सिंगल डिन १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन १८० बाय १००. जुन्या टोयोटांत २०० मिलिमीटर रुंदीचा खाचा मिळतो, त्याला बाजूच्या पट्ट्या लागतात. नऊ इंची अँड्रॉइड पडद्याला त्या त्या गाडीची फ्रेम वेगळी घ्यावी लागते. खोलीही मोजा. मागे वायरींचा गुंता आणि कपलर (वायरींचा प्लग) राहायला जागा लागते, नाहीतर स्टीरिओ अर्धा इंच बाहेर राहतो आणि मग लोक तो ठोकून बसवतात.

गाडीत अँप आहे की नाही

स्पीकरच्या जाळीवर ब्रँडचं नाव असलं की अँप असण्याची शक्यता दाट, पण नाव नसतानाही अँप असू शकतो आणि नुसतं नाव असून अँप नसलेल्या गाड्याही आहेत. खात्री मल्टीमीटरने होते. साधा डिजिटल मल्टीमीटर चालेल.

बॅटरीची निगेटिव्ह क्लिप काढा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. त्याआधी जुन्या स्टीरिओला कोड आहे का ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. काच आपोआप वर जाण्याचं सेटिंग पुन्हा शिकवावं लागू शकतं, तेही लक्षात असू द्या. मग प्लास्टिकच्या पट्टीने बेझल, म्हणजे स्टीरिओभोवतीची चौकट, सोडवा. स्टीलचा स्क्रू ड्रायव्हर घालून बेझल उचकटलेली गाडी लांबून ओळखू येते. पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या वेष्टनाच्या वायरी दिसल्या तर हात लावू नका, त्या एअरबॅगच्या. एअरबॅगजवळ काम असेल तर बॅटरी काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं आणि त्या वायरींवर मीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीच लावायचा नाही.

जुना स्टीरिओ बाहेर आला की त्याचा कपलर काढा. गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये स्पीकरची म्हणून असलेली एक जोडी पकडून ओहम मोजा. ३ ते ४ ओहम आले तर वायर सरळ स्पीकरला जाते, मध्ये अँप नाही. काही हजार ओहम दाखवले किंवा मीटर काहीच दाखवेना, तर समोर अँप आहे. वायरींवरूनही अंदाज येतो. सरळ स्पीकरला जाणाऱ्या वायरी जाडसर असतात, अँपला सिग्नल नेणाऱ्या बारीक, एकमेकींत पिळलेल्या आणि कधी कधी भोवती शिल्ड असलेल्या.

पेन्सिल सेल लावून स्पीकर ‘टक’ वाजवून बघायची जुनी युक्ती तुम्हाला माहीत असेल. ती फक्त ३-४ ओहम आलेल्या जोडीवर करा. अँपच्या इनपुटवर सेल लावू नका.

अँप सापडला की तो कोरडा आहे का ते पाहा. सीटखालच्या गालिच्याला हात लावला तर कधी एसीच्या निचऱ्याचं पाणी, कधी सनरूफच्या तुंबलेल्या नळीचं पाणी लागतं. गाडी सेकंडहँड असेल तर हे आणखी मनावर घ्या. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या होत्या, आणि पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. सीटचे बोल्ट गंजलेले, अँपच्या कपलरमध्ये बारीक लाल गाळ, पिनांवर हिरवट कळंक असं काही दिसलं तर स्टीरिओचा खर्च थांबवा आणि आधी त्या अँपची तपासणी करून घ्या. वरून झाकण चकचकीत असतं, कपलर उपसला की खरं कळतं.

त्या अँपला काय हवंय

सगळ्या कामाचा निर्णय इथे होतो, म्हणून यावर वेळ घालवा. कंपनीच्या अँपला सिग्नल साधारण चार प्रकारे जातो.

पहिला प्रकार, कमी व्होल्टेजचा अ‍ॅनालॉग सिग्नल. याला लो लेव्हल म्हणतात. जुन्या गाड्यांत हा बराच आढळतो. यात प्रत्येक चॅनलला एक प्लस आणि एक मायनस असते आणि मायनस ही गाडीची अर्थ (बॉडीला जोडलेली वायर) नसते. दोन्ही वायरींवर एकमेकींच्या उलट सिग्नल जातो. बाहेरचा खरखराट दोन्हींवर सारखाच बसतो आणि अँप तो वजा करून टाकतो.

दुसरा, स्पीकर लेव्हल. म्हणजे जुन्या स्टीरिओतला छोटा अँप आपला आवाज मोठ्या अँपला देतो.

तिसऱ्यात आवाज अ‍ॅनालॉग वायरीनेच जातो, पण त्याची पातळी कायम एकच राहते. व्हॉल्यूम, बास, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांतला तोल) हे सगळे हुकूम कॅन बसच्या, म्हणजे गाडीतल्या कंट्रोलरना एकमेकांशी जोडणाऱ्या, डेटा वायरींवरून जातात. नवा स्टीरिओ ते हुकूम देत नाही, म्हणून अँप गप्प बसतो किंवा एकाच आवाजात वाजत राहतो.

चौथा, पूर्ण डिजिटल. काही युरोपीय गाड्यांत मोस्ट नावाची प्लास्टिकची फायबर केबल असते. तिच्यात तांबंच नसल्यामुळे कापून जोडायचा प्रश्नच येत नाही. ती फार वाकवलीत तरी प्रकाश अडतो. २५ मिलिमीटरपेक्षा लहान गोलाईत वळवू नका.

ओळखायचं कसं? जुना स्टीरिओ परत जोडा आणि बॅटरी लावा. सीडीवर किंवा ऑक्समधून १०० हर्ट्झचा सूर लावा, मोबाइलवर टोन जनरेटरची कितीतरी फुकट अ‍ॅप आहेत. स्वस्त मीटर उंच सुरांना खोटं बोलतो, १०० हर्ट्झला बऱ्यापैकी खरं सांगतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून कपलरच्या मागच्या बाजूने एका चॅनलच्या दोन वायरींवर टोकं लावा आणि कुणाला तरी व्हॉल्यूम हळूहळू वाढवायला सांगा.

आकडा वाढतोय पण व्हॉल्यूम भरपूर वर गेला तरी एक-दोन व्होल्टच्या आतच राहतो, तर लो लेव्हल. पाच-सहा व्होल्ट किंवा त्याहून वर जातो, तर स्पीकर लेव्हल. आवाज वाढतोय आणि आकडा मात्र जागचा हलत नाही, तर तिसरा प्रकार. त्या वायरींवर काहीच मिळेना आणि गाणं तर वाजतंय, तर डिजिटल. पाच मिनिटांचं काम आहे, पण हे न करता वायर कापणारेच जास्त भेटतात.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात तुमच्या गाडीच्या मॉडेलचा आणि वर्षाचा खास इंटरफेस, म्हणजे स्टीरिओ आणि अँप यांची भाषा जुळवणारी डबी, लागतो. तो बहुधा ऑनलाइन मागवावा लागतो आणि स्वस्त नसतो. तो मिळत नसेल तर अँप पूर्ण वगळून स्पीकरपर्यंत नव्या वायरी ओढायच्या, त्याबद्दल पुढे येईल. अंदाजाने वायरी लावून बघणं या दोन प्रकारांत महागात पडतं. कॅनच्या दोन वायरींवर चुकून बारा व्होल्ट गेले तर मीटरकन्सोलपासून एबीएसपर्यंत कशालाही दुखापत होऊ शकते.

स्टीरिओ आणि सामान

कंपनीच्या अँपसाठी स्टीरिओ निवडताना पेटीवरचे वॅट बघू नका. ‘५० गुणिले ४’ लिहिलेल्या स्टीरिओचा खरा सततचा आउटपुट साधारण २० ते २२ वॅट प्रति चॅनल असतो, आणि इथे तर तो वापरायचाही नाही. बघायचं ते हे: मागे आरसीए प्री-आउटच्या (बाहेरच्या अँपला लो लेव्हल सिग्नल देणाऱ्या गोल सॉकेटच्या) निदान दोन जोड्या, शक्यतो पुढचे, मागचे आणि सबवूफर अशा तीन. त्यांचं व्होल्टेज, २ व्होल्ट चालतात, ४ असतील तर उत्तम. आणि निळी-पांढरी रिमोट वायर.

नाव-गाव नसलेले अँड्रॉइड स्टीरिओ चार हजारांपासून दिसतात. पडदा छान असतो, पण त्यांचा एफएम भाग अनेकदा दुबळा असतो. घाटात मोबाइलची रेंज गेल्यावर ज्यांना रेडिओच ऐकायचा असतो त्यांनी आधी दुसऱ्याच्या गाडीत ऐकून घ्यावा. गाणी आणि नकाशे मात्र ऑफलाइन ठेवाच.

बाकी सामान असं: गाडीच्या कपलरला बसणारा तयार हार्नेस, म्हणजे कपलरसकट वायरींचा जुडगा (मूळ कपलर कापायचा नाही, गाडी विकताना जुना स्टीरिओ पुन्हा लावता आला पाहिजे), चांगल्या आरसीए केबल किंवा लो लेव्हल इंटरफेस, तांब्याची, जमल्यास कथिलाचा मुलामा असलेली वायर, कथील आणि सोल्डरिंग आयर्न किंवा चांगला क्रिम्पर (जोड दाबून बसवणारी पक्कड), आतून गोंद असलेल्या, गरम केल्यावर आकसणाऱ्या हीटश्रिंक नळ्या, डायइलेक्ट्रिक ग्रीस, कापडी टेप आणि केबल टाय. काळी इन्सुलेशन टेप घरच्या कामाला ठेवा. उन्हात उभ्या गाडीत तिचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि जोड उघडा पडतो.

वायरींचे रंग

पायोनियर, सोनी, केनवुड, जेव्हीसी आणि बहुतेक अँड्रॉइड स्टीरिओंत रंगांची भाषा सारखी आहे. पिवळी म्हणजे कायमचा करंट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी म्हणजे अर्थ. निळी अँटेनाला, निळी-पांढरी अँपला चालू करायला, नारिंगी रात्री बटणांचा दिवा मंद करायला. स्पीकरच्या पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. त्याच रंगावर काळी रेघ असेल ती त्या जोडीची मायनस. तरीही स्टीरिओवरचा स्टिकर वाचाच.

गाडीच्या बाजूच्या रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका, तिथे प्रत्येक कंपनीचं वेगळं शास्त्र असतं. मीटरने शोधा: चावी काढल्यावरही १२ व्होल्ट दाखवते ती पिवळीला, चावी फिरवल्यावरच दाखवते ती लालला. फोक्सवॅगन-स्कोडाच्या आयएसओ कपलरमध्ये या दोघींच्या जागा अदलाबदल असतात, म्हणून तयार हार्नेसवर मध्ये सुटणाऱ्या दोन टोप्या दिलेल्या असतात. त्या न बदलता जोडलं तर दर वेळी घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात.

सिग्नल जोडणं

लो लेव्हल अँप असेल तर स्टीरिओच्या आरसीए आउटपुटमधून सिग्नल न्यायचा. आरसीएची मधली पिन अँपच्या प्लसला, बाहेरची कडी त्याच चॅनलच्या मायनसला. चारही चॅनलच्या मायनस एकत्र बांधून अर्थला टाकायच्या नाहीत. अनेक गाड्यांत एवढ्यावर काम होतं. काहींत मंद गुणगुण राहते किंवा आवाज कमी पडतो, तिथे लेव्हल जुळवणारा इंटरफेस मध्ये घालावा, ज्याच्यावर फिरवायचे छोटे स्क्रू असतात. माझा कल आधीच इंटरफेस घेण्याकडे असतो, कारण डॅशबोर्ड दुसऱ्यांदा उघडला की क्लिपा तुटतात.

लो लेव्हल अँपला स्टीरिओच्या स्पीकर वायरी थेट जोडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. स्टीरिओच्या आतल्या अँपच्या प्लस आणि मायनस दोन्ही वायरींवर गाणं बंद असतानाही अर्थच्या तुलनेत साधारण सहा-सात व्होल्ट डीसी उभा असतो. त्यात सिग्नलही अँपला हवा त्याच्या कित्येक पट. आवाज फाटतो तो यामुळे. याच कारणाने स्टीरिओची कोणतीही स्पीकर वायर गाडीच्या बॉडीला लागू द्यायची नाही, आतला आयसी जातो.

अँप स्पीकर लेव्हलचा निघाला तर उलट सोपं: पांढरी, करडी, हिरवी, जांभळी जोड्या तशाच्या तशा अँपच्या इनपुटला.

निळी-पांढरी वायर

‘सगळं बरोबर जोडलंय तरी आवाज नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हीच वायर बघा. कंपनीच्या अँपला चालू होण्यासाठी १२ व्होल्टचा इशारा लागतो आणि तो जुना स्टीरिओ देत होता. गाडीची ती वायर शोधायची तर जुना स्टीरिओ चालू-बंद करत मीटर लावा. स्टीरिओबरोबर १२ आणि शून्य होणारी वायर तीच. तिला नव्या स्टीरिओची निळी-पांढरी जोडा.

घाईत काही जण तिला चावीच्या लाल करंटवर टाकतात. अँप चालू होतो, पण स्टीरिओच्या आधी जागा होतो आणि दर वेळी स्पीकरमध्ये ‘धप्प’ वाजतं. शिवाय रेडिओ बंद असला तरी अँप तापत राहतो. निळ्या-पांढऱ्या वायरीतून मिळणारा करंटही मर्यादित असतो, अनेक स्टीरिओंत ३०० मिलिअँपच्या आसपास. तिच्यावर अँपबरोबर अँटेना, एलईडी असं सगळं लोंबकळवायचं असेल तर मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) घाला.

अर्थ आणि जोड

कोकणात खरी परीक्षा इथे असते. काळ्या वायरीला रिंग टर्मिनल क्रिम्प करा. डॅशबोर्डच्या मागे बॉडीचा मूळ अर्थ बोल्ट शोधा. रंग लावलेल्या पत्र्यावर स्क्रू मारून अर्थ मिळत नाही, मिळाला तरी टिकत नाही. बोल्टखालची जागा सॅंडपेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीसचा थर द्या. हा थर विसरलात तर घासलेल्या पत्र्यालाच आधी गंज धरेल. चालू स्टीरिओत त्या बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत डीसी व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टच्या आत असलं पाहिजे.

जोडांचं सांगायचं तर, किनाऱ्यावरच्या एखाद्या गाडीचा दोन-तीन पावसाळे पाहिलेला टेपचा जोड सोलून बघा. वरची टेप चिकट, आत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, चिमटीत धरल्या की चुरा होतात. आणि हा काळेपणा जोडापाशी थांबत नाही, वेष्टनाच्या आत बोटभर सरकतो. म्हणून जुनी वायर वापरायची असेल तर लालभडक तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. हीटश्रिंकची नळी आधी वायरीत ओवा, मग पीळ देऊन कथील लावा, मग नळी सरकवून गरम करा. दोन्ही टोकांतून गोंद किंचित बाहेर आला की जोडाचं तोंड बंद झालं. क्रिम्प करत असाल तरी वर तीच नळी. कपलरच्या पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच, भरपूर चोपडायचं नाही.

जोडांच्या जागा एकाखाली एक न ठेवता पुढे-मागे ठेवा, म्हणजे गठ्ठा होत नाही. सगळी वायर कापडी टेपने गुंडाळून डॅशबोर्डच्या लोखंडी पट्टीला केबल टायने बांधा. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांत आणि गावच्या जांभ्याच्या रस्त्यावर लोंबती वायर प्लास्टिकवर आपटते आणि ती ‘कटकट’ कुठून येते हे शोधण्यात लोकांनी अख्खा डॅशबोर्ड उतरवलाय. स्टीरिओच्या पाठीमागचा आधाराचा बोल्ट त्याच कारणासाठी असतो, तो वगळू नका.

पिवळ्या वायरीवरचा फ्यूज बहुतेक स्टीरिओंत १० किंवा १५ अँपिअरचा असतो. तो उडाला तर कारण शोधा, मोठा फ्यूज घालू नका.

अँटेना, स्टिअरिंगची बटणं, कॅमेरा

युरोपीय गाड्यांत अँटेनाची पिन वेगळी असते आणि छतावरच्या बूस्टरला केबलमधूनच १२ व्होल्ट लागतात. त्यासाठीचा अ‍ॅडॉप्टर घेऊन त्याची वायर निळीला जोडा, नाहीतर शहराबाहेर पडताच स्टेशन जातं. स्टिअरिंगची बटणं जुन्या गाड्यांत रेझिस्टन्सवर चालतात. स्टीरिओच्या ‘की १’, ‘की २’ वायरींना जोडून सेटिंगमधून एकेक बटण शिकवायचं. कॅमेऱ्याला रिव्हर्स दिव्याचा करंट इशारा म्हणून पुरतो. हँडब्रेकची वायर हँडब्रेकलाच जोडा. ती अर्थला टाकून चालत्या गाडीत व्हिडिओ लावून देणारे आहेत, पण भोस्ते घाट उतरताना ड्रायव्हरने पडद्याकडे बघावं असं कुणाच्याच घरच्यांना वाटत नसेल.

डॅशबोर्ड बंद करण्याआधी

बेझल लावण्यापूर्वी सगळं उघड्यावर तपासा. बॅलन्स पूर्ण डावीकडे, उजवीकडे, फेडर पुढे, मागे, आणि दर वेळी योग्य तोच स्पीकर वाजतोय ना ते बघा. मग भरपूर बास असलेलं, पखवाज किंवा ढोलकी वाजणारं काहीतरी लावा आणि बॅलन्स मधोमध आणा. बास मध्यावर आल्यावर भरण्याऐवजी पातळ झाला तर एका बाजूचे प्लस-मायनस उलटे लागलेत.

आता इंजिन चालू करा. कुडाळकडे हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘गाडी चालू केलंय की शिट्टी वाजता.’ अ‍ॅक्सिलरेटरबरोबर शिट्टीचा सूर चढत-उतरत असेल तर ती अल्टरनेटरची आहे. आरसीए केबल स्टीरिओकडून काढून बघा. शिट्टी गेली तर दोष स्टीरिओच्या बाजूला, बहुधा अर्थमध्ये. आरसीए काढूनही राहिली तर अँपच्या अर्थमध्ये किंवा करंटच्या वायरीला खेटून गेलेल्या सिग्नल केबलमध्ये. सिग्नलची केबल गाडीच्या एका बाजूने, जाड करंटची दुसऱ्या बाजूने न्यावी. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी शिट्टी बंद करते खरी, पण स्वस्तातली असेल तर बासही खाते, म्हणून ती शेवटी.

इंजिनाशी संबंध नसलेला एकसारखा ‘सूंऽऽ’ वेगळा. तो लेव्हल जुळली नसल्याचा असतो. इंटरफेसचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) पूर्ण खाली आणा, स्टीरिओचे सगळे टोन शून्यावर आणि लाउडनेस बंद ठेवा. स्टीरिओचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर नेऊन ओळखीचं गाणं लावा, गेन हळूहळू वाढवा, आवाज किंचित खरखरला की थोडा मागे घ्या. सूं जवळजवळ नाहीसा होतो.

टोनबद्दल एक सांगायचं राहिलं. कंपनीच्या अँपमध्ये त्या गाडीच्या स्पीकरांना साजेसा इक्वलायझर बहुतेक वेळा आधीच भरलेला असतो. त्यावर स्टीरिओचा ‘रॉक’ किंवा ‘पॉप’ चढवला की दुहेरी बास होतो आणि दारातल्या पट्ट्या थरथरतात. आठवडाभर सगळं सपाट ठेवून ऐका. जास्त आवाजात ऐकत असाल तर पुढच्या स्पीकरांना ८० हर्ट्झचा हाय पास (त्याखालचे सूर अडवणारं सेटिंग) लावा.

अँप वगळायचाच असेल तर

अँप खरोखर मेला असेल किंवा इंटरफेस मिळत नसेल तर आधी स्पीकर मोजा. कंपनीच्या प्रीमियम सिस्टीमचे स्पीकर बरेचदा २ ओहमचे असतात, काही बोसचे त्याहूनही कमी. मीटरवर २ ओहमचा स्पीकर साधारण १.६ ते १.८ दाखवतो, ४ ओहमचा ३.२ ते ३.६. स्टीरिओचा आतला अँप सहसा ४ ओहमसाठी असतो. त्याला २ ओहमचा स्पीकर जोडला तर तो तापतो आणि उन्हाळ्यात बंद पडतो. मग एकतर २ ओहमला चालणारा चार चॅनलचा नवा अँप किंवा नवे स्पीकर.

दुसरं म्हणजे ट्विटर. अनेक कंपनीच्या अँपमध्ये ट्विटरला वेगळं चॅनल असतं आणि खालचे सूर अँपच अडवतो. अँप काढला की ते संरक्षण जातं. ट्विटरच्या प्लसला मालिकेत नॉन-पोलर कॅपॅसिटर घाला. ४ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरड घेतला तर साधारण ८५०० हर्ट्झच्या खालचं कापलं जातं, १० मायक्रोफॅरड घेतला तर ४००० च्या खालचं.

नव्या वायरी दारात नेताना दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीतूनच न्या. पत्र्याला भोक पाडून नेलेली वायर पहिल्याच पावसात गाडीत पाणी घेऊन येते.

सगळं बसल्यावर रात्री एक शेवटचं माप घ्या. चावी काढा, दारं लॉक करा, अर्धा तास थांबा म्हणजे गाडीचे सगळे कंट्रोलर झोपतात. मग बॅटरीची निगेटिव्ह आणि तिची वायर यांच्यामध्ये १० अँपिअरच्या खाचेत लावलेला मीटर घाला. मीटर मधे असताना चावी फिरवायची नाही. वायर काढून मीटर लावल्याने कंट्रोलर पुन्हा जागे झाले तर ते झोपेपर्यंत थांबा. ५० मिलिअँपच्या आत असेल तर ठीक. त्याहून बराच जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत बघा. स्टीरिओचा फ्यूज काढल्यावर आकडा पडला तर पिवळी-लाल तपासा किंवा स्टीरिओचं स्टँडबाय सेटिंग बंद करा. गाडी गावी महिना-महिना उभी राहणार असेल तर हे माप न घेता ती उभी करू नका.